भिंतीतली बाई

मठाच्या मुदपाकखान्याला दारच उरलं नव्हतं. थॉमसिन नेहमीसारखी टोपली काखोटीला मारून मागच्या वाटेने आली, थाप मारायला तिने हात उचलला आणि तो तसाच हवेत राहिला. बिजागऱ्यांसकट दार कुणीतरी उपटून नेलं होतं. आत चुली थंडगार. हॉज आचारी तेवढा होता, आणि तांब्याची एक भलीमोठी कढई हातगाडीवर चढवताना घामाघूम झाला होता.

"अरे हॉज, हे काय चाललंय?"

"दिसत नाही? कढई घरी चालवलीय." त्याने कढईला खालून खांदा दिला. "मठ संपला, थॉमसिन."

"संपला म्हणजे?"

"संपला म्हणजे संपला. राजाची माणसं मठ बंद करायचा हुकूम घेऊन आली, मठाधिपतींनी किल्ल्या त्यांच्या हातात ठेवल्या, स्वतःला तनखा लावून घेतला आणि पुतण्याकडे राहायला गेले. ब्रदर मंडळी जिकडे वाट फुटेल तिकडे गेली. ते वर बघ."

छपरावर माणसं चढली होती. शिशाचे पत्रे उचकटून, त्यांच्या गुंडाळ्या करून ती खाली ढकलत होती. एकेक गुंडाळी जमिनीवर आदळली की पायाखाली हादरा बसत होता.

"पण आमच्या बाईंचा पाव? त्यांचं आयुष्य आहे तोवर पाव आणि जळण द्यायचं वचन आहे मठाचं."

"कसलं आयुष्य?" हॉज म्हणाला. "ती तर मेलेलीच आहे. बिशपने स्वतः येऊन तिची मूठमाती उरकलीय. मेलेल्या बाईला पाव कशाला लागतो?"

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच वाईट वाटलं असावं. तो आत गेला, पिठाच्या पेटीचा तळ खरवडून निघालं तेवढं त्याने तिच्या टोपलीत ओतलं. त्यात पीठ कमी आणि किडे जास्त होते. "कढईचं कुणाला बोलू नकोस," तो म्हणाला, "विचारलंच तर सांग, ती आपल्या पायांनी चालत गेली."

ऑल्डरबीच्या चर्चला उत्तरेच्या बाजूने एक दगडी कोठडी चिकटलेली होती. थॉमसिनची बाई, मॅबिल, त्या कोठडीत राहत असे. कोठडीचं दार मॅबिल आत गेली त्याच दिवशी गवंड्याने चिणून टाकलं होतं, त्याला वीस वर्षं उलटून गेली होती. राहिल्या होत्या तीन खिडक्या. एक चर्चच्या आत उघडायची, तिच्यातून वेदी दिसायची. दुसरी रस्त्याकडे होती, तिला काळा पडदा. पडद्याबाहेर उभं राहून गावातली माणसं आपली दुःखं सांगायची आणि आतून मॅबिल त्यांना चार शब्द सांगायची. तिसरी कोठडीला टेकून बांधलेल्या थॉमसिनच्या खोपटात उघडायची. तिच्यातून पेज आत जायची आणि बादली बाहेर यायची.

ती आत गेली त्या साली घामाची साथ आली होती. सकाळी घाम फुटायचा आणि दिवस मावळायच्या आत माणूस खलास. मॅबिलच्या घरातली आईबापासकट सगळी माणसं गेली, ती आणि धाकटा भाऊ लॅम्बर्ट तेवढे वाचले. त्याच घरात थॉमसिन कामाला होती. तिचा नवरा आणि कडेवरची पोर त्याच आठवड्यात गेली. मॅबिलचं लग्न ठरलेलं होतं. तिने ते मोडलं आणि बिशपकडे जाऊन म्हणाली, मला भिंतीत घ्या. बिशपने तिच्यावर मेलेल्या माणसाची प्रार्थना म्हटली, डोक्यावर मूठभर माती टाकली, आणि तिथून पुढे ती जगाच्या लेखी मेली. तिच्या वाटणीचं घर आणि कुरण लॅम्बर्टला गेलं. कोठडीच्या जमिनीत तिची कबर आधीच खणून ठेवली होती. मरणाचा विसर पडू नये म्हणून रोज ती नखांनी त्यातली थोडी माती उकरायची.

थॉमसिन मागोमाग खोपटात आली, ती कुणी सांगितलं म्हणून नव्हे. तिला दुसरीकडे जायलाच नव्हतं. पुढे पुढे मात्र कुणी घेऊन गेलं असतं तरी ती गेली नसती.

"आज उशीर केलास," खिडकीच्या आतून आवाज आला.

"हॉज बोलत बसला होता. पाव करपले म्हणाला, म्हणून पीठ दिलंन."

"थॉमसिन, तुला धड खोटं बोलता आलं असतं तर एव्हाना एखाद्या शेठची बायको झाली असतीस. काय झालं ते सांग."

थॉमसिनने सांगितलं. छपरावरच्या शिशाचंही सांगितलं.

"आणि ब्रदर ऑस्मंड?" मॅबिलने विचारलं. "त्याला तर दिसत नाही."

"नेलं असेल कुणीतरी बरोबर."

"असेल. आणि शिशाचा का तो आवाज! मी सकाळपासून समजत होते, ढग गडगडतायत."

पीठ चाळून, पाण्यात कालवून थॉमसिनने त्याच्या दशम्यांसारख्या चकत्या भाजल्या. दोघींनी त्या पुरवून पुरवून खाल्ल्या. मग ते पीठही संपलं.

पूर्वी काळ्या पडद्यापुढे रांग लागायची. येणारा कुणी अंडी आणायचा, कुणी मुठीत मीठ, कुणी सुके हेरिंग मासे. आता राजाचा हुकूम निघाला होता की संतांच्या मूर्तींपुढे मेणबत्त्या लावायच्या नाहीत, मूर्ती काढून टाकायच्या, यात्रा बंद. भिंतीतल्या बाईविषयी हुकमात काही होतं की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं. पण ठाऊक नाही म्हणूनच माणसं जास्त घाबरली. लोहाराची बायको इबट तेवढी अंधूक उजेडात यायची, पदराखाली अंडं लपवून. एक दिवस ती रिकाम्या हाताने आली.

"आता नको बघूस माझी वाट," ती थॉमसिनला म्हणाली. "आमचे हे म्हणतात, उद्या कुणी चुगली केली तर भाता बंद पडायचा."

"बाईंनी तुझ्या पोरासाठी तीन दिवस उपास धरला होता, इबट."

"मला आठवत नाही असं वाटतं का तुला?" इबट रडकुंडीला आली. "आठवतं म्हणून तर स्वतः सांगायला आले. नाहीतर न सांगताच थांबले नसते?"

रविवारची प्रार्थना झाल्यावर फादर गिल्बर्ट आणि चर्चचा कारभार बघणारा कापडवाला पेक्स्टन, दोघे थॉमसिनच्या खोपटात आले. पेक्स्टन दाढी गुळगुळीत केलेला, चटपटीत माणूस. गिऱ्हाइकाशी बोलावं तसा खिडकीशी बोलला.

"मॅबिलबाई, बातमी चांगली आहे. तुम्ही मोकळ्या झालात."

"कशातून, पेक्स्टनशेठ?"

"कशातून म्हणजे? ह्याच्यातून! आता हे असलं काही राहिलं नाही. माणसाने भिंतीत बसून देवाला काय मिळतं? बाहेर या, उजेडात या. ही कोठडीही आम्हाला हवीच आहे, शिड्या आणि चुना ठेवायला जागा नाही."

"म्हणजे मी मोकळी होणार की कोठडी?"

पेक्स्टन हसला. फादर गिल्बर्ट हसले नाहीत. ते म्हातारे झाले होते, हातातली टोपी सारखी फिरवत होते. "बाई, राजाची माणसं गावात आहेत तोवर त्यांच्यापुढे उभ्या राहिलात तर थोडाफार तनखा मिळेलही. पण समोर यायला हवं. खिडकीतून नाही चालत म्हणतात."

"फादर, माझ्यावर मातीची मूठ पडली तेव्हा बिशपसाहेबांच्या बाजूला मेणबत्ती धरून कोण उभं होतं?"

"मीच होतो."

"आमेन कोण म्हणालं?"

"मी म्हणालो, बाई."

"मग ती प्रार्थना उलटी कशी म्हणायची तेवढं सांगा. मेलेल्याला परत जिवंतांत आणायची प्रार्थना तुमच्या पुस्तकात असेल तर आत्ता म्हणा. मी चालत बाहेर येते."

फादरांनी टोपी डोक्यावर चढवली. शेवटी पेक्स्टनच म्हणाला, "हिवाळ्यातल्या सेंट मार्टिनच्या सणापर्यंत थांबू. मग मात्र भिंत पाडावी लागेल," आणि दोघे निघून गेले.

थॉमसिन चुलीपाशी बसून राहिली. पेक्स्टनच्या गुळगुळीत गालावर एक ठेवून द्यावी असं तिला वाटलं होतं, हे खरं. पण 'बाहेर या' हे शब्द कानावर पडले तेव्हा क्षणभर तिचं काळीज सुपाएवढं झालं होतं, हेही खरं. तिचे गुडघे दुखत होते. बादली उचलताना कंबर धरत होती. मॅबिलचा चेहरा तिने वीस वर्षांत नीट पाहिला नव्हता. नुसते हात दिसायचे, भांडं घ्यायला पुढे येणारे, दर वर्षी जास्त पांढरे होत जाणारे.

दुसऱ्या दिवशी ती लॅम्बर्टकडे गेली. लोकरीच्या धंद्यात त्याचं बरं चाललं होतं. घराला नवी धुराडी झाली होती, खिडक्यांना काच आली होती.

"ये, ये थॉमसिन! ताई कशी आहे?"

"उपाशी आहेत."

"ती पहिल्यापासून उपास फार करते."

"हा उपास नाही, मालक. खायला नाही म्हणून उपाशी आहेत. मठाचा पाव बंद झाला."

लॅम्बर्टने बायकोकडे पाहिलं. बायको मागे हात बांधून उभी होती. "आणि ते म्हणतात तसं त्या बाहेर आल्या तर?" तिने विचारलं. "राहणार कुठे? मागणार काय काय?"

"बाहेर नाही येत म्हणतात त्या."

"बरोबर आहे!" लॅम्बर्ट एकदम उत्साहाने म्हणाला. "तिला म्हणावं, ठाम राहा. दिलेला शब्द मोडू नकोस. आपल्या घराण्याला तिचा अभिमान आहे."

"आत ठाम राहायलाही खायला लागतं, मालक."

त्याने चीजचा अर्धा गोळा तिच्या हातात दिला आणि स्वतः दारापर्यंत पोचवायला आला. दार लागायच्या आत बायको त्याच्यावर ओरडलेली तिला ऐकू आली. अर्धा कशाला दिलात, म्हणत होती.

चीज संपल्यावर थॉमसिन बाजाराच्या दिवशी चौकात उभी राहिली. हात पसरायची तिला सवय नव्हती. वीस वर्षं तिने मागितलं ते बाईंच्या नावाने, आणि लोकांनी मान वाकवून दिलं होतं. आता नाव घ्यायची सोय नव्हती. दुपारपर्यंत तिच्या टोपलीत दोन सलगम आणि पावाचा एक कोपरा जमला. मग शिपाई आला. भीक मागायचा परवाना आहे का, म्हणाला. नाही, ती म्हणाली. हातपाय धड आहेत ना, म्हणाला. तिने गुडघ्यांचं सांगितलं. तो म्हणाला, ज्या गुडघ्यांवर बाजारापर्यंत आलीस त्यांच्यावर कामालाही जाता येतं. त्याने तिला गाडीच्या मागे बांधलं आणि चौकाला एक फेरा घालेपर्यंत फटके मारले. बघणाऱ्यांत इबट होती. तिने तोंड फिरवलं.

टोपली मात्र कुणी घेतली नव्हती. थॉमसिन घरी आली, सलगम शिजवले आणि भांडं खिडकीत ठेवलं. वाकताना तिच्या तोंडून आवाज निघाला.

"काय झालं?"

"कंबर."

भांडं थोड्या वेळाने रिकामं परत आलं. नेहमीच यायचं. तेवढंच एक समाधान होतं तिला, की आपण अर्धपोटी राहतो पण बाई खातात. पाठीला थंड काहीतरी लावावं म्हणून ती बाहेर दवात भिजलेलं गवत तोडायला गेली आणि चर्चला वळसा घालून रस्त्याच्या बाजूला आली.

काळ्या पडद्याखाली एक म्हातारा भिंतीला टेकून बसला होता. अंगावर मठाचा झगा, त्याच्या चिंध्या झालेल्या. ओंजळीत तिचेच सलगम होते आणि तो ते बोटांनी चाचपून चाचपून खात होता. ब्रदर ऑस्मंड. त्याला कुणीच बरोबर नेलं नव्हतं.

थॉमसिनने आल्या पावली पाठ फिरवली. ती खोपटात परत आली आणि खिडकीवर मूठ आपटली.

"किती दिवस झाले? किती दिवस तुम्ही त्याला देताय?"

"हळू बोल. तो ऐकेल."

"ऐकू दे! मी इकडे तुमच्यासाठी... मी इकडे..."

"थॉमसिन, अगं तो जिवंत माणूस आहे," मॅबिल शांतपणे म्हणाली. "त्याला भूक लागते. मी कोण? मी मेलेली बाई. माझं काय अडतंय?"

"आणि मी? मी कोण आहे? मला आज चौकात गाडीला बांधून मारलं, बाई, बैलाला मारतात तसं. कुणासाठी? मेलेल्या बाईसाठी? ब्रदर जिवंत, तुम्ही मेलेल्या, मग मी कुठल्यातली ते तरी सांगा!"

खिडकीतून एक हात बाहेर आला. पांढरा, नुसती कातडी आणि हाडं. तो हवेत चाचपडत थॉमसिनला शोधत होता. थॉमसिन मागे सरकली. हाताला सापडली नाही. तिला तो राग आयुष्यभर पुरला असता, पण पुरायला तेवढी सवड मिळाली नाही.

त्यानंतर कडाक्याची थंडी पडली. एका सकाळी ब्रदर ऑस्मंड पडद्याखाली बसल्या जागी गारठून मेलेला सापडला. फादर गिल्बर्टनी त्याला मूठमाती दिली. त्या दिवशी थॉमसिनने पातळ पेज आत ठेवली, ती तशीच परत आली, दुसऱ्या दिवशीही. मग भांडं परत यायचंच बंद झालं.

"बाई," तिने हाक मारली. "बाई, चुकलं माझं. बोला काहीतरी. शिव्या द्या."

खिडकीतून हात घालून ती चाचपत राहिली. दगड आणि गार हवा, बाकी काही नाही. मग आतून खोकल्याचा आवाज आला, अगदी खालून, जमिनीतून आल्यासारखा.

ती धावत पेक्स्टनच्या दुकानात गेली. ज्या माणसाला ती मनातल्या मनात रोज चुलीत घालत होती, त्याच्यासमोर हात जोडून उभी राहिली. "भिंत पाडायची म्हणत होतात ना? आज पाडा. आत्ता पाडा."

पेक्स्टनने दोन गडी बरोबर घेतले. वाटेत आणखी माणसं जमली. फादर गिल्बर्टही आले. गड्यांनी कुदळी उचलल्या, भिंतीपाशी गेले आणि थांबले. चिणलेल्या दाराच्या दगडांचा रंग वेगळा होता, त्यावर कुणीतरी त्या काळी क्रूस कोरलेला होता.

"मारा की," पेक्स्टन म्हणाला.

"शेठ, ही कबर आहे," एक गडी म्हणाला.

"कसली कबर? असल्या खुळचट गोष्टी आता संपल्या."

"मग पहिला घाव तुम्ही घाला."

पेक्स्टनने कुदळ हातात घेतली. वजन बघितल्यासारखी ती एकदा तोलली आणि म्हणाला, माझा खांदा धरलाय. हुकूम वाचून दाखवणारे, मूर्ती उतरवणारे, शिसं विकत घेणारे सगळे तिथे उभे होते आणि एकही पुढे होईना. थॉमसिनने त्याच्या हातातली कुदळ ओढून घेतली. पाठीवरच्या खपल्या पहिल्याच घावाला उकलल्या. तिने दुसरा घाव घातला, तिसरा घातला. चुना जुना झाला होता. एक दगड आत पडला, मग त्याच्यावरचा. तेव्हा कुठे गडी मदतीला आले.

आत उजेड शिरला तशी वीस वर्षांची कोंडलेली हवा बाहेर आली आणि माणसं मागे हटली. थॉमसिन दगडांवरून रांगत आत गेली. कोठडी रिकामी दिसली. मग तिचं लक्ष जमिनीकडे गेलं. मॅबिल कबरीत निजली होती. सरळ, हात छातीवर जोडून, पायाशी पेजेचं भांडं. डोळे उघडे होते. उजेड पडला तसे तिने ते घट्ट मिटून घेतले.

थॉमसिनने तिला उचललं. एवढ्या वर्षांची बाई, पण वजन सुकल्या गवताच्या पेंढीइतकं. बाहेर आणताना लोकांनी वाट करून दिली, कुणी क्रूसाची खूण केली आणि पेक्स्टनने बघितलं म्हणून पटकन हात खाली घेतला. मॅबिलने थॉमसिनच्या कानाशी तोंड नेलं.

"कुणाला विचारून?" ती म्हणाली.

खोपटात थॉमसिनच्या गवताच्या अंथरुणावर ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. इबटने न बोलता दाराशी दूध आणून ठेवलं, थॉमसिनने ते चमच्याने भरवलं. मॅबिल गिळायची, पण बोलायची नाही. दारात माणसं येऊन डोकावायची. बाई दिसते कशी, केस आहेत का, सावली पडते का. थॉमसिनने एका पोरीला फुंकणीने हाणलं तेव्हा गर्दी थोडी कमी झाली.

मग लॅम्बर्ट आला. टोपी हातात धरून उंबऱ्यावर उभा राहिला. "ताई," तो म्हणाला.

मॅबिलने मान वळवली. हात डोळ्यांवर आडवा धरून तिने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"लॅम्बर्ट, तू जाडा झालास."

तो रडायला लागला. रडत रडतच म्हणाला, "ताई, तुझा पुढचा विचार काय आहे? म्हणजे कुरणाबद्दल..."

"मेलेल्या बाईला कसलं कुरण? घाबरू नकोस. बायकोला जाऊन सांग, म्हणजे तिला झोप लागेल."

त्याच्या चेहऱ्यावरचा भार उतरलेला थॉमसिनने डोळ्यांनी पाहिला. वाटलं, आता तरी म्हणेल घरी चल. तो म्हणाला, "काळजी घे हो," आणि गेला. त्यानंतर एकदा त्याच्याकडून एक घोंगडी आली. चांगली जाड होती.

तनख्याचं काही जमलं नाही. राजाची माणसं दुसऱ्या मठाकडे निघून गेली होती, आणि फादर गिल्बर्ट थंडीत तेवढ्या लांब त्यांच्या मागे गेले तेव्हा त्यांना सांगण्यात आलं की ही बाई मठातली नव्हे, चर्चच्या भिंतीतली. तिचा आमच्याशी संबंध नाही. परत आल्यावर फादर थॉमसिनला म्हणाले, "मी काय करू, सांग." थॉमसिनला त्यांची दया आली नाही. कोठडीत शिड्या ठेवल्या गेल्या. चुन्याला जागा कमी पडली, तेव्हा पेक्स्टनने गडी पाठवून खोपटंही मोकळं करायला सांगितलं.

समुद्राकाठच्या एका गावात थॉमसिनची मावसबहीण होती. निदान पूर्वी होती. मासे खारवायचं काम तिथे बायकांना मिळतं असं कुणीतरी म्हणालं होतं. ह्यापलीकडे थॉमसिनला काहीच ठाऊक नव्हतं. मॅबिलच्या पायांना तिने गोणपाटाच्या पट्ट्या गुंडाळल्या, घोंगडीचा निम्मा भाग तिच्या डोक्यावरून घेतला आणि दोघी गावाबाहेर पडल्या. निरोप द्यायला कुणी आलं नाही. इबट आपल्या दाराच्या आड उभी असल्याचा थॉमसिनला भास झाला, पण तिने मागे वळून पाहिलं नाही.

मॅबिलला चालणं येत नव्हतं. कोठडीत होती तेवढीच पावलं तिच्या अंगात उरली होती. तेवढी टाकली की ती आपोआप वळायची. प्रत्येक वेळी थॉमसिनने तिला खांद्याला धरून पुन्हा रस्त्याकडे तोंड करून उभं करायचं. गावाबाहेरचा माळ लागला तेव्हा मॅबिल मधेच खाली बसली आणि दोन्ही हात डोक्यावर धरले.

"काय होतंय?"

"त्याला छप्परच नाही," मॅबिल वर न बघता म्हणाली. "एवढं मोठं होतं का ते? मला वाटतंय, मी वर पडेन."

थॉमसिनने घोंगडी ओढून तिच्या डोळ्यांवर घेतली. "माझ्या पायांकडे बघत चला."

पूर्वी ह्या माळावर गाव जनावरं चारायचं. आता सगळीकडे काटेरी कुंपणं होती आणि आत मेंढ्या. एकही घर धूर सोडत नव्हतं. मध्येच एक मोडकं जोतं दिसलं, तिथे थॉमसिनने ओळखीचं कुणी राहायचं का ते आठवून पाहिलं, आणि सोडून दिलं. दुपार कलली. वारा समोरून येत होता, त्यात बर्फाचे बारीक खडे होते. पिशवीत इबटने आदल्या रात्री दाराशी आणून ठेवलेला निम्मा पाव होता, तो आज खायचा की उद्यासाठी ठेवायचा हे काही तिचं ठरेना. पाठ ठणकत होती. ह्या बाईला मी मरू दिलं असतं तर, असा विचार तिच्या मनात आला. हाकलला तरी तो पुन्हा आला, आणि मग ती तो मनात घेऊनच चालू लागली.

"थॉमसिन."

"काय?"

"मी तुला क्षमा केलेली नाही. पुढे करेन असंही वाटत नाही."

"नका करू," थॉमसिन म्हणाली. "पण पाय उचला, बाई. पुढचं गाव अजून लांब आहे, आणि तिथला शिपाई कसा आहे ते मला ठाऊक नाही."

मॅबिल थोडा वेळ तशीच उभी राहिली. वळायला निघाली होती, पण वळली नाही. तिने थॉमसिनचा दंड धरला, पाय उचलला आणि पुढे टाकला.